तेच दोन पंच

एकनाथ तात्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुला कुणी पाठवलं?"

मी वारूळवाडीला त्यांच्या घरी भांडायला गेले होते. माझ्या हातात मी लिहिलेलं आणि घोडेगावच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेलं पत्रक होतं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मेलेल्यांची बदनामी थांबवा.' ती बदनामी करणारा माणूस माझ्यासमोर भिंतीला पाठ टेकून, दाराकडे तोंड करून बसला होता. अंगात बंडी, नाकावर चष्मा, आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघणारे बारीक डोळे.

"कुणी नाही. मी स्वतःच आले."

"स्वतःहून कुणी येत नसतं. बस."

तात्या निवृत्त पोलीस. ठाण्यात जो शिपाई फिर्यादी, जबाब आणि पंचनामे लिहितो त्याला आमच्याकडे 'रायटर' म्हणतात. तात्यांनी नोकरीभर तेच केलं. निवृत्त झाल्यावर त्याच हातानं त्यांनी कादंबऱ्या लिहायला घेतल्या. सहा लिहिल्या. सगळ्या जुन्या काळातल्या, सगळ्यांत एक तरी खून, आणि सगळ्यांत खरी माणसं, नावागावासकट. कुणी मामलेदार शिवनेरीच्या पायथ्याशी झालेला विषप्रयोग उलगडतोय, कुणी इंग्रज सर्जन लेण्यात सापडलेलं प्रेत तपासतोय, कुणी सरदार नाणेघाटात लुटला गेलेला तांडा शोधतोय. ही माणसं खरोखर होऊन गेली, त्यांची नावं दप्तरांत आहेत. त्यांतल्या काहींच्या हातून तात्यांनी करवलेले खून मात्र तात्यांचे. पुस्तकं एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर भज्यांच्या शेजारी विकली जायची आणि जोरात खपायची.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील धरणग्रस्तांच्या चळवळीत होते. घरात पीठ-मीठ नसलं तरी पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. त्यामुळे माझं मत साधं आणि पक्कं होतं. ज्या माणसाला उत्तर देता येत नाही त्याच्यावर आरोप करायचा नाही. मेलेला माणूस तर सगळ्यात हतबल. त्याचं खरं नाव घ्यायचं, त्याच्या हातात खोटा सुरा द्यायचा आणि वर 'ही कल्पित कथा आहे' असं बारीक टाइपात छापायचं, हा मला भ्याडपणा वाटायचा. अजूनही वाटतो.

तात्यांनी पत्रक दोनदा वाचलं. मग लाल पेन काढलं.

"'काही लेखक' म्हंजे किती?"

"तुम्ही."

"मग 'एक' लिही. 'अनेक वर्षांपासून' म्हंजे कधीपासून? 'सर्वश्रुत आहे', कुणी ऐकलं? साक्षीदार कोण?" खाली सहीपर्यंत ते असेच गेले. शेवटी कागद मला परत देत म्हणाले, "पोरी, या कागदावर कुत्र्याला पण अटक व्हायची नाय."

"आणि तुमच्या कादंबरीवर होईल?"

"कादंबरी कोर्टात जात नाय. म्हणून तर लिहितो."

मी घरी येऊन ते लाल खुणांचं पत्रक वाचलं. ते आधीपेक्षा चांगलं झालं होतं. या गोष्टीचा मला इतका राग आला की पुढच्या आठवड्यात मी पुन्हा भांडायला गेले, आणि मग जातच राहिले.

तात्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. लग्नपत्रिका आली की आत कोण कोण निमंत्रक आहे हे बघायच्या आधी कुणाचं नाव गाळलंय ते शोधायचे. शेजाऱ्यानं पपई दिली तर ती घेताना विचारायचे, "काय काम व्हतं?" गावात कुणी मोठ्यानं रडत असलं तर हळूच म्हणायचे, "डोळे बघ, डोळे. आवाज ऐकू नको." दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारलं तर "कशाला?" म्हणायचे. त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. आक्का सांगायच्या, "मला बघायला आले तवा ह्यांनी पहिलं काय इचारलं ठाऊक हाय? कपाळावरची ही खोक कशाची. मी म्हनलं, ल्हानपनी पडले. तर म्हने, कुठं, किती वाजता, कुनासमोर? माझे वडील म्हनले, पावणं, पोरगी बघायला आलाय का चौकशीला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, दुपारी, आईसमोर. खोटंच व्हतं. त्यांना पटलं."

तात्या कोपऱ्यातून ओरडले, "मला तवाच कळलं व्हतं!"

"मंग केलं कशाला लगीन?"

यावर तात्या पुन्हा कागदांत डोकं घालायचे.

लिहायची पद्धत ठाण्यातली. फुलस्केप कागद, डावीकडे घडी मारून समास सोडलेला, खाली कार्बन. कादंबरीत येणाऱ्या प्रत्येक खऱ्या माणसाची एक फाईल असायची. त्यात पुण्याच्या दप्तरखान्यातून काढून आणलेल्या कागदांचे फोटो, त्या माणसाचं वय, सवयी, शत्रू. मोडी ते साठीनंतर शिकले होते. एक प्रकरण संपलं की खाली लिहायचे, 'वाचून पाहिले, बरोबर आहे.' आणि सही. मी म्हणायचे, तात्या, तुम्ही स्वतःच लिहिता, स्वतःच वाचता आणि स्वतःच बरोबर म्हणता. ते म्हणायचे, नोकरीत तरी दुसरं काय केलं?

तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

एकदा ते मला बेल्ह्याच्या बैलबाजारात घेऊन गेले. त्यांच्या कादंबरीतला एक दिवाण गुप्त सौदा करणार होता आणि तात्यांना व्यापाऱ्यांचे हात बघायचे होते. तिथं अजूनही घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव बोलतात. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. तात्या एका व्यापाऱ्याच्या शेजारी तासभर उभे. शेवटी न राहवून विचारलं, "खोटं बोलायचं असलं तर कुठल्या बोटानं बोलता?"

व्यापारी म्हणाला, "पावणं, बैल घ्यायचाय का तोंड बघायचं?"

"तोंडच बघतोय."

"मंग ऐका राव. रुमालाच्या खाली खोटं नसतंय. खोटं समदं रुमालाच्या वर."

तात्यांनी ते वाक्य जसंच्या तसं त्या दिवाणाच्या तोंडी घातलं. मी वाचलं आणि भडकले. "हा माणूस खरा होता. त्याचे वंशज आहेत. त्यानं असं कधी म्हटलेलं नाही."

"म्हणायला पायजे व्हतं."

"हे तुम्ही कोण ठरवणार?"

"मग कोण? तू?" तात्या शांतपणे म्हणाले. "त्यानं काय म्हटलं ते लिहून ठेवणारा पण कुणाचा तरी नोकरच व्हता, पोरी. सगळ्या कागदांवर संशय घ्यावा. माझ्या बी."

हे तत्त्व ते आयुष्यभर सांगत आले आणि एकदाच विसरले. ते ज्यांच्यामुळे कळलं त्या हिराबाई.

हिराबाई डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. भात, नाचणी आणि हंगामात हिरडा वेचायचा, यावर घर. वय पन्नाशीचं. उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी दोन एसट्या बदलून त्या वारूळवाडीला आल्या. मी तिथंच होते. दारात चपला काढून त्या आत आल्या, पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि तात्यांपुढे ठेवलं. पुस्तक तात्यांचंच होतं, सहा वर्षांपूर्वीचं, सगळ्यात खपलेलं. इंग्रजी अमलात आमच्या डोंगरात मालू नाईक म्हणून एकानं बंड केलं होतं. तो रानात लपला होता आणि कुणीतरी त्याचा ठावठिकाणा सांगितला म्हणून पकडला गेला. तो कुणीतरी कोण, याचा शोध म्हणजे ती कादंबरी.

"तुमीच लिवलं का ह्ये?"

"मीच."

"मंग आता पुसा."

तात्यांनी चष्मा वर केला. "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुनी कशाला पाठवील? पाय हायेत मला."

कादंबरीच्या बाराव्या प्रकरणात फितूर सापडतो. त्याचं नाव भागा. हा भागा हिराबाईंच्या नवऱ्याचा खापरपणजा. तात्यांनी त्याला वाडीचं नाव, घराची दिशा, सगळं दिलं होतं, कारण सगळं खरं असलं पाहिजे हा त्यांचा हट्ट.

हिराबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या. "आमच्या वाडीत भात झोडून झालं का कळमजाईच्या म्होरं समद्या घरांचा तांदूळ एका पातेल्यात पडतो. एकच चूल. कुनाचा जाडा, कुनाचा बारीक, समदा एकात. पिढ्यान् पिढ्या. मालू नाईकाला कुनी दावला ते कुनालाच ठावं नव्हतं. मंग हे पुस्तक आलं. वाडीचं नाव पुस्तकात छापलं म्हून लोकांनी नारळ फोडला. आमच्याकडं मुक्कामाला येनारा कंडक्टर रोज वाचून दावायचा. चार दिस लई मजा आली. पाचव्या दिशी भागा निघाला."

तात्यांनी पुस्तक उचलून बारावं प्रकरण उघडलं.

"तवापसनं आमचा तांदूळ येगळा. घेत न्हाईत आसं न्हाई. घेत्यात, दुसऱ्या चुलीवर शिजवत्यात आन आमच्याच घरी धाडत्यात. सासरा गेला तवा म्हनला, माझ्या दिसाला वाडीला जेवाया बोलवू नको, कुनी येयाचं न्हाई आन तुला वाईट वाटंल. यंदा सून आलीया घरात. ती इचारती, आत्या, आपलाच भात येगळा का? तिला काय सांगू? तुमी सांगा."

मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. पण तात्या उठले, फाईल घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या क्षणी अभिमान दिसला, आणि त्याबद्दल मी त्यांना बरेच दिवस माफ केलं नाही. "बाई, मी मनाचं लिहिलेलं नाय. हा बघा कागद. भागाचा जबाब. 'मालूची लपायची जागा मी दाखविली.' सरकारी दप्तरात आहे."

हिराबाईंनी तो मोडीतल्या कागदाचा फोटो हातात घेतला. वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तो खालून वर पाहिला.

"ह्यो भागाचा हात का?"

"नाय. त्याला कुठं लिहायला येत व्हतं? ही खाली त्याची निशाणी."

"मंग लिवलं कुनी?"

तात्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "असतो एक... लिहिणारा."

"त्यो कुठं ऱ्हायला व्हता, आमच्या वाडीत?"

तात्यांनी फोटो त्यांच्या हातून जवळजवळ ओढून घेतला. "तुम्ही या आता," म्हणाले. चहाचं सुद्धा विचारलं नाही. आक्का मागून धावत गेल्या आणि हिराबाईंना स्टँडपर्यंत सोडून आल्या.

पावसाळा सरेपर्यंत तात्यांनी मला येऊ दिलं नाही. फोन केला की म्हणायचे, काम चालू आहे. मी ओळखीच्यांना सांगून मोकळी झाले की हा माणूस तोंड चुकवतोय. दिवाळीनंतर त्यांचाच फोन आला. "ये."

खाटेवर तीन फोटो ओळीनं मांडले होते. मालू नाईकाच्या प्रकरणातले तीन कागद. पहिला भागाचा जबाब, वाडीत घेतलेला, सकाळी. दुसरा घोडेगावला, दुपारी, मालूला भाकरी पोचवणाऱ्या एका गुराख्याचा. तिसरा जुन्नरला, दिवे लागायच्या आत, पकडलेल्या हत्यारांचा पंचनामा. तिन्ही एकाच दिवसाचे. तिन्हींवर पंच म्हणून तीच दोन नावं, आणि नावांपुढे, लिहिता न येणारे कुणबी करायचे तशी, नांगराची निशाणी.

"बघ," तात्या म्हणाले. "सकाळी वाडीत, दुपारी घोडेगावात, सांजच्याला जुन्नरात. तेच दोन पंच. आन नांगराचा फाळ बघ, तिन्हीकडं तसाच डावीकडं वाकडा. दोन माणसांचे सहा नांगर, हात एकच."

"म्हणजे?"

"म्हंजे कुणी कुठं गेलं नव्हतं. एका टेबलावर बसून लिहिलंय सगळं."

मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असेल, नवा शेवट जोडायचा असेल, म्हणून हा नवा कागदी खेळ असेल. आयुष्यभर कागद बनवलेल्या माणसाला आणखी एक बनवायला किती वेळ लागतो? मी तसं तोंडावर म्हटलं.

तात्या चिडले नाहीत. "शाबास," म्हणाले. "घेऊन जा फोटो. मोडी वाचणाऱ्या दुसऱ्याला दाव. माझा शब्द धरू नको."

मी पुण्याला जाऊन दाखवले. दप्तरखान्यातली मूळ पानंही पाहून आले. तात्या सांगत होते तसंच होतं.

तरी त्यांचं समाधान नव्हतं. चालून बघायचं म्हणाले. सत्तरी उलटलेला माणूस. आम्ही पहाटे पहिल्या एसटीनं वाडीच्या फाट्यावर उतरलो आणि तिथून घोडेगावच्या दिशेनं चालायला लागलो. तात्या हातातल्या घड्याळात बघत, दर ओढ्याला वेळ टिपत. भाताच्या खाचरांतून लोक हाका मारून विचारत होते, "काय पावणं, एश्टी चुकली का?" धरणाच्या पाण्याला वळसा घ्यावा लागला तेव्हा म्हणाले, "हा वळसा वजा कर. तवा पाणी नव्हतं." ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही निम्म्यातही नव्हतो. मी म्हटलं, घोड्यावरून गेले असतील. तात्या दगडावर बसले, बूट काढला, पायाचा फोड दाबून बघितला.

"नांगराची निशाणी करणाऱ्याला सरकारी घोडं कोण देतो?" मग फोडावर रुमाल बांधत, "मी बी नव्हतं दिलं," म्हणाले.

मी विचारलं, कुणाला? ते बूट घालून चालायला लागले.

मार्गशीर्षात वाडीचा कळमजाईचा भात होता. तात्यांनी हिराबाईंना निरोप धाडला की मी येतोय. त्यांनी उलट निरोप धाडला, 'या नायतर नका येऊ, तांदूळ मी नेनारच हाय.' मी माझ्या स्कूटीवरून तात्यांना घेऊन गेले. मागे बसून ते प्रत्येक वळणाला "सावकाश" म्हणत होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल छातीशी.

देवळापुढच्या सपाटीवर मोठं पातेलं चुलीवर चढलं होतं. पाणी उकळायला लागलं होतं. शेजारी, पंधरावीस पावलांवर, तीन दगडांची दुसरी लहान चूल मांडलेली होती. ती बघून तात्या जागीच थांबले. बायका टोपल्या घेऊन रांगेत. हिराबाई शेवटी, आणि त्यांच्या शेजारी त्यांची सून, डोक्यावरचा पदर दातांत धरलेली.

वाडीत तांदूळ पातेल्यात ओतायचा मान किसनबाबांचा. वाळलेल्या बाभळीसारखा म्हातारा. तात्यांनी त्यांना नमस्कार केला, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ते पुस्तक माझं, आणि मग कागद काढून वाचायला सुरुवात केली. तारीख, वार, ठिकाण, पंच. अगदी ठाण्यातल्या सुरात.

किसनबाबांनी हात वर केला. "थांबा राव. मागल्या बारीला पोलिसाचा कागद म्हनला भागा फितूर. आता पोलिसच म्हनतोय त्यो कागद खोटा. पुढल्या बारीला काय म्हननार हाये?"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "हिरानं कोंबडी कापली आसंल ह्यास्नी!"

"कोंबडी न्हाई, च्या सुदीक पाजला न्हाई ह्यांनी मला," हिराबाई तिथूनच म्हणाल्या.

"आन पंच खोटं निघालं म्हून भागा खरा कसा काय व्हतो?" किसनबाबांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मलाही तो पडला होता.

"व्हत नाय," तात्या म्हणाले. "भागानं दावलं नसंल, आसं मी म्हणत नाय. मला ठाऊक नाय. मला तवा बी ठाऊक नव्हतं. मी ठाऊक असल्यागत लिहिलं."

"का?"

तात्यांनी कागद पिशवीत घातले. मग ते खाली मातीत बसले. पाठ लोकांकडे होते आहे का, वाट कुठं आहे, हे नेहमीसारखं बघितलं नाही.

"कारण कागद जुना व्हता," ते म्हणाले. "आजचा असता तर मी एका नजरेत सांगितलं असतं. मी स्वतः असे कागद केलेत. एका विहिरीवरची मोटार चोरीला गेली व्हती. वरून सांगितलं, आठ दिवसांत आरोपी पायजे. शंकर म्हणून एक पोरगा व्हता, त्याचं मालकाशी भांडण झालेलं. मी टेबलावर बसून लिहिलं, मोटार शंकरच्या गोठ्यातून काढून दिली. मी त्याचा गोठा बघितलेला नव्हता. अजून नाय. आमचे दोन पंच ठरलेले असायचे, एक ठाण्यासमोरचा चहावाला, एक पानवाला. त्यांनी कपबशी ठेवली आन सही केली. शंकर आत गेला. त्याची जमीन गेली वकिलात. मोटार पुढं दुसऱ्याच गावात सापडली. तवा मी सायबाला म्हणालो, आता काय? तर म्हणाले, फाईल बंद झाली की." तात्यांनी मातीवर हात फिरवला. "नोकरीभर मी हे केलं, आन घरी येऊन दीडशे वर्षांपूर्वीच्या रायटरवर इस्वास ठेवला. त्याचं अक्षर लई सुंदर व्हतं."

पातेल्यातलं पाणी खदखदत होतं.

"त्यो शंकर हाय का अजून?" किसनबाबांनी विचारलं.

"हाय. महाळुंगे पडवळला."

"त्येच्याकडं गेलता का?"

"नाय."

"आमच्याकडं आधी आलात?"

"हां."

"आमचं सोपं व्हतं म्हून?"

तात्यांनी मान खाली घातली. किसनबाबांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग त्यांनी वळून वाडीला विचारलं, "काय करायचं? पानी आटतंय."

एकदम गलका झाला. एक म्हातारी म्हणाली, पुस्तक येयाच्या आदी आमी खातच व्हतो की एकात, कुनाचं पोट दुखलं? एक तरणा म्हणाला, कागद खोटा आसंल पर लोक म्हनत्यातच ना. "लोक म्हंजी तूच की रं!" असं कुणी बायकांतून ओरडलं. किसनबाबांनी हिराबाईंच्या सुनेच्या हातातली टोपली घेतली, तांदूळ मुठीत उचलून बघितला, आणि पातेल्यात ओतला.

दोन घरांनी आपल्या टोपल्या परत उचलल्या आणि ती माणसं वाट उतरून गेली. त्यांना कुणी अडवलं नाही. मीही अडवायला हवं होतं असं मला आता वाटत नाही. सून रडत होती. हिराबाई रडत नव्हत्या. त्या गेलेल्या दोन घरांची पाठ बघत होत्या.

"झालं ना मनासारखं?" मी त्यांना विचारलं.

"पुढल्या साली बघू," त्या म्हणाल्या. "यंदा पावणं हायेत म्हून वतला आसंल."

तात्यांना कुणी जेवायला थांबा म्हटलं नाही. त्यांनाही ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी फाईल माझ्या डिकीत टाकली आणि मागे बसले. "महाळुंग्याला घे."

"आज?"

"आज. उद्या मी नाय जायचो."

घोडेगाव ओलांडून आम्ही महाळुंगे पडवळला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाटेत तात्या एकदाही "सावकाश" म्हणाले नाहीत. गावात विचारलं, तर शंकर दुसऱ्याच्या शेतावर औषध मारायला गेलाय असं कळलं. शेत रस्त्याला लागूनच होतं. फ्लॉवर लावलेला. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक माणूस सऱ्यांमधून चालत होता, तोंडाला फडकं बांधलेलं, केस पांढरे. माझ्या डोक्यात उगाच एक तरुण पोरगा होता.

तात्या उतरले. "तू जा," म्हणाले. "मी एसटीनं येतो."

"थांबते ना."

"नको. जा म्हणलं ना."

मी गेले नाही. पुढच्या वळणावर एका जांभळीखाली गाडी लावली. मला खरंच त्यांच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. वाटलं, हा माणूस बांधापर्यंत जाईल आणि परत फिरेल. त्यानंतर महिन्याभरात, पौषात, तात्या गेले. त्या दिवशी ते एसटीनं परतले आणि मी पुण्याला गेले ती तिथंच होते. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथून.

ते बांधावरून खाली उतरले. शंकरनं त्यांना बघितलं. हातातली नळी क्षणभर खाली आली, म्हणजे ओळखलं असावं. मग ती पुन्हा वर झाली आणि तो चालायला लागला. तात्या त्याच्या मागून. शंकर एक सरी पुरी करून दुसरीत वळला. तात्याही वळले. त्यांचा हात हलत होता, म्हणजे ते बोलत होते. शंकरनं एकदाही मागं बघितलं नाही. औषधाचा फवारा वाऱ्यानं तात्यांच्या अंगावर येत होता, ते तोंड पुसत होते आणि तरी मागून चालत होते. कोबीसारख्या त्या पानांतून त्यांना नीट चालता येत नव्हतं. एकदा ते गुडघ्यावर आले आणि जमिनीला हात टेकून उठले. तिसरी सरी. तिसऱ्याही सरीला शंकर थांबला नाही.

चौथ्या सरीच्या मध्यावर तो थांबला. पंप पाठीवरून उतरवून खाली ठेवला आणि तात्यांकडे तोंड करून उभा राहिला.

ऐकायला थांबला की पंप रिकामा झाला होता, ते मला रस्त्यावरून कळलं नाही.